शब्दचर्चा: सत्ता, अधिकार, प्राधिकार, अधिमान्यता

कोपरीकर
पालिकेच्या नोटिशीखाली ‘पदनिर्देशित अधिकारी’ असतो, माहिती अधिकारात ‘सार्वजनिक प्राधिकरण’ येतं, जागेच्या व्यवहारात ‘नियोजन प्राधिकरण’, आणि राज्यशास्त्राच्या पुस्तकात ‘अधिसत्ता’ नि ‘अधिमान्यता’. यातले खरोखर वेगळे अर्थाचे किती आणि नुसते जड किती? वापरातली उदाहरणं द्यावीत. व्युत्पत्ती थोडक्यात चालेल.

दफ्तरदार
‘अधिकार’पासून सुरुवात करतो, कारण गोंधळ तिथेच आहे. मराठीत हा शब्द तीन कामं करतो.

नागरिकाचा हक्क: माहितीचा अधिकार. पदाला कायद्याने दिलेली ताकद: आयुक्तांचे अधिकार. आणि विषयावरची पकड: ‘ख्यालगायकीत त्यांचा अधिकार मोठा’, ‘अधिकारवाणी’. पहिल्या अर्थी ‘हक्क’ जास्त नेमका. संविधानाच्या मराठी प्रतीत ‘मूलभूत हक्क’च आहे, ‘मूलभूत अधिकार’ हिंदीतून घुसला. पण सरकारही एका वाटेने चालत नाही. 2005 चा केंद्राचा कायदा मराठीत ‘माहितीचा अधिकार’ झाला, तर राज्याचा 2015 चा कायदा ‘लोकसेवा हक्क अधिनियम’. अर्थ एकच, शब्द दोन.

दुसरा अर्थ कचेरीतला. तिथे एकच प्रश्न असतो: सही कोणाची चालते? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात अधिकार आयुक्तांना आहेत आणि कलम 69 खाली ते हाताखालच्या अधिकाऱ्यांना देता येतात. कचेरीत याला ‘अधिकार प्रदान करणे’ म्हणतात, जडभाषेत ‘प्रत्यायोजन’. म्हणून कलम 260 ची (अनधिकृत बांधकामाची) नोटीस हातात आली की आधी सहीखालचं पदनाम बघा. ठाणे पालिकेत बहुधा ‘पदनिर्देशित अधिकारी तथा सहायक आयुक्त, अमुक प्रभाग समिती’ असं असतं. त्या ‘तथा’त सगळं आहे. सहायक आयुक्त म्हणून तो पगार घेतो, नोटीस पदनिर्देशित अधिकारी म्हणून काढतो.

चुकतं कुठे? प्रदानाचा आदेश पदनामाने असेल तर बदलीनंतर नव्या माणसाकडे अधिकार आपोआप जातात. नावाने काढला असेल तर नवा आदेश लागतो. आणि केवळ दैनंदिन कामकाज सांभाळायला बसवलेल्या माणसाला वैधानिक अधिकार आपसूक मिळत नाहीत. अशी नोटीस कोर्टात गेली की बांधकाम राहतं बाजूला, वाद सहीवरच होतो.

वाशीचा
त्याला जोडून. ‘प्राधिकारी’ म्हणजे पद वा व्यक्ती, ‘प्राधिकरण’ म्हणजे संस्था, आणि ‘प्राधिकार’ म्हणजे त्यांच्याकडे असलेली ती वस्तू. ‘सक्षम प्राधिकरणाची सही’ असं लिहितात तेव्हा नेमकं काय म्हणायचंय कळत नाही, सही माणूस करतो. (निगडीत तर ‘प्राधिकरण’ हे वस्तीचंच नाव झालंय, रिक्षावाल्याला तेवढंच सांगितलं तरी पुरतं.)

नवी मुंबईत हा फरक पैशांत मोजावा लागतो. सिडको ही 1970 ची सरकारी कंपनी, पुढे नवनगर विकास प्राधिकरण म्हणून नेमलेली. महापालिकेचा कारभार 1 जानेवारी 1992 पासून. आज वाशी-नेरूळच्या सोसायटीला बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र पालिकेकडून घ्यावं लागतं, कारण नियोजन प्राधिकरण ती आहे. पण भूखंड सिडकोच्या भाडेपट्ट्यावर असेल तर हस्तांतरण शुल्क आणि ना-हरकत सिडकोकडेच. सिडको तिथे पट्टा देणारी मालक आहे, परवानगी देणारी नव्हे. पुनर्विकासाच्या अर्जात दोघींनाही ‘संबंधित प्राधिकरण’ लिहिलं की फाइल या टेबलावरून त्या टेबलावर फिरते.

‘पालिकेने मंजुरी दिली’ हेही असंच ढिलं वाक्य. महासभेने, स्थायी समितीने की आयुक्तांनी? कायद्यात तिघे वेगवेगळे आहेत.

कोपरीकर
मग ‘सत्ता’?

दफ्तरदार
मुळात ‘असणं’. वेदान्तात ती अजून तशीच आहे. राजकारणात ‘सत्ताधारी’. आणि भूमापन कार्यालयात तिसरीच: मिळकत पत्रिकेवरचा ‘सत्ता प्रकार’. तिथे सत्ता म्हणजे जमीन कोणत्या प्रकाराने धारण केली आहे ते. छापील रकान्यात आता ‘धारणाधिकार’ असतं, तोंडी मात्र ‘सत्ता प्रकार काय?’ असंच विचारतात.

बोलीत सत्तेसाठी वेगळेच शब्द आहेत: वजन, वट, वचक, जरब. नगरसेवकाला एकट्याला नोटीस काढायचा अधिकार नाही, पण प्रभागात वजन असतं. ‘फाइलवर वजन ठेवणं’ हा अर्थ वेगळा, तो इथे नको.

पाठ्यपुस्तकवाला
राज्यशास्त्रात मांडणी अशी: सत्ता म्हणजे दुसऱ्याकडून हवं ते करवून घेण्याची क्षमता, अधिसत्ता म्हणजे तशी मान्यता मिळालेली सत्ता, आणि ती मान्यता म्हणजे अधिमान्यता. मॅक्स वेबरने तिचे तीन पाये सांगितले. मराठीत ते पारंपरिक, दिव्यवलयी आणि कायदेशीर-विवेकनिष्ठ असे लिहितात. ‘दिव्यवलयी’ वाचून विद्यार्थी हसतात, पण ‘करिष्मा’पेक्षा मला तो बरा वाटतो, कारण वलय बघणाऱ्यांच्या नजरेत असतं हे त्यात येतं.

‘वैधता’ला अधिमान्यता समजू नका. वैध म्हणजे विधीला धरून. जातवैधता प्रमाणपत्रात समिती दाखला खरा की खोटा एवढंच ठरवते. लोक त्या समितीला मानतात की नाही हा वेगळा प्रश्न.

नवी मुंबईचंच उदाहरण घ्या. 25 ऑक्टोबर 2016 ला आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावरचा अविश्वास ठराव 104 विरुद्ध 6 मतांनी मंजूर झाला. एकूण सदस्य 111. कायद्यात पाच-अष्टमांश लागतात, म्हणजे 70. तरी मुंढे मार्च 2017 पर्यंत त्याच खुर्चीत होते. आयुक्ताची नेमणूक शासनाची, आणि कलम 451 खाली पालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करण्याचा अधिकारही शासनाचा. (‘विखंडित’ हा खास मंत्रालयी शब्द, ‘रद्द’ म्हटलं तरी चाललं असतं.) सभागृहातली सत्ता, आयुक्तांचे अधिकार, शासनाचं नियंत्रण हे तीन वेगळे धागे एका प्रकरणात दिसतात. आणि मुंढेंना पाठिंबा देणारे नागरिक ज्याबद्दल बोलत होते ती अधिमान्यता.

वाशीचा
‘अधिमान्यता’ वर्गाबाहेर ऐकलेला नाही. त्याची गरजही नाही, मराठीत क्रियापदं आहेत. आदेश *पाळतात*. गावकीला *मानतात*. आणि धाकाला *जुमानतात*, तेही बहुतेक नकारातच: ‘नोटिशीला जुमानत नाही.’ ‘पालिकेला मानत नाही’ आणि ‘पालिकेला जुमानत नाही’ यांत जो फरक आहे तोच अधिमान्यता आणि सत्ता यांतला.

पाठ्यपुस्तकवाला
मान्य. फक्त नाम हवं असेल तिथे ‘मानणे’ अपुरं पडतं. शिवाय मानलेलं सगळं वैध नसतं. गावकीने कुटुंब वाळीत टाकलं आणि सगळ्यांनी ते मानलं, तरी 2016 च्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड.

दफ्तरदार
उलटही आहे. नवी मुंबईतल्या प्रकल्पग्रस्तांच्या (सिडकोसाठी जमीन गेलेल्या गावकऱ्यांच्या) घरांना कागदावर ‘अनधिकृत’ म्हणतात, गावात ‘गरजेपोटी बांधलेली’. आता शासनाच्या निर्णयांतही ‘गरजेपोटी’ आलं, म्हणजे गावचा शब्द सरकारने मानला. तिथे ‘अवैध’ लिहू नका. अवैध वाळू, दारू असते. बांधकाम परवानगीवाचून केलं तर ‘अनधिकृत’, परवानगी आहे पण नकाशाबाहेर गेलं तर ‘वाढीव’.

कोपरीकर
सोसायटीवर निबंधकाने बसवलेला ‘प्राधिकृत अधिकारी’ आणि ‘प्रशासक’ एकच का?

दफ्तरदार
नाही. सहकार कायद्याच्या कलम 77अ खाली, समितीच अस्तित्वात नसेल किंवा मुदत संपली असेल तर प्राधिकृत अधिकारी. कलम 78अ समिती काढून टाकण्याचं, तिथे प्रशासक. आदेशावर कलम कोणतं ते बघा.