मदत हवी आहे : एडीएचडी आणि मॅग्नेशियमच्या गोळ्या
माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला एडीएचडी (लक्ष टिकत नाही आणि चंचलता फार असते अशी स्थिती) असल्याचे निदान झाले आहे. बेरीज अर्ध्यावर सोडून तो वहीच्या समासात आगगाड्या काढत बसतो, आणि हे शाळेत व घरी दोन्हीकडे घडते. यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा असतो, लाड हे कारण नव्हे, हे मला पटले आहे (त्याच्या आजीला अजून नाही). अशा मुलांना मॅग्नेशियमच्या गोळ्या द्याव्यात हा आग्रह मात्र मला घाईचा वाटतो, कारण पुरावा तोकडा आहे आणि मात्रा वाढल्यास जुलाब होतात. मॅग्नेशियम असलेली नाचणी व तीळ तो खातोच. शरीरातील मॅग्नेशियमचा जेमतेम १ टक्का भाग रक्तात असताना कमतरता तुमच्या डॉक्टरांनी कशी ठरवली, आणि मिथाइलफेनिडेट या एडीएचडीवरील औषधासोबत या गोळ्या दिल्यावर झोपेत काही फरक पडला का, हे अनुभवी पालकांनी कृपया कळवावे.