स्क्रिप्ट चालवली आणि डेस्कटॉपच गेला: तुमचे अनुभव

सुरुवात माझ्यापासून करतो, कारण मूर्खपणाही माझाच होता.

उबुंटू २२.०४ हे लिनक्स, वेलँडवर (पडद्यावर खिडक्या दाखवणारी नवी व्यवस्था). चाचणीसाठी लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम सारखा बंद करून पुन्हा सुरू करावा लागायचा, म्हणून चार ओळींची स्क्रिप्ट (आज्ञा एकामागून एक लिहिलेली फाइल) केली. प्रोग्रॅमचं नाव 'शेलडेमो'. स्क्रिप्ट चालवली की पडदा काळा व्हायचा आणि समोर लॉगिन. उघड्या खिडक्या, न जतन केलेलं काम, सगळं साफ. तीनदा तसंच झालं. मी ग्राफिक्स ड्रायव्हरला शिव्या घालून त्याची आवृत्तीही बदलून पाहिली.

सुगावा लागला तो न सापडलेल्या गोष्टीमुळे. कोअरडंपसीटीएल (कोसळलेल्या प्रोग्रॅमांची नोंद दाखवणारी आज्ञा) रिकामं होतं. एखादा प्रोग्रॅम खरोखर कोसळला तर तिथे काहीतरी उरतं. इथे काहीच नाही, म्हणजे डेस्कटॉप पडला नव्हता, त्याला कोणीतरी रीतसर 'निघा' म्हटलं होतं. मग स्क्रिप्टची दुसरी ओळ डोळे उघडून वाचली: 'पीकिल शेल'. पीकिल ही नावावरून प्रोग्रॅम बंद करणारी आज्ञा, आणि तिला नावाचा नुसता तुकडा जुळला तरी पुरतो. शेलडेमोमध्ये शेल आहे आणि डेस्कटॉप चालवणाऱ्या नोम-शेलमध्येही. वेलँडमध्ये नोम-शेल हाच पडद्याचा कारभारी, तो गेला की त्याच्या जिवावर उघडलेल्या खिडक्याही गेल्या. वेलँडच्या आधीच्या एक्स११ वर शेल अडखळायला लागला तर ऑल्ट-एफ२ दाबून आर मारायचो, शेल नव्याने सुरू व्हायचा आणि खिडक्या जागेवर राहायच्या. ती चैन संपली. आता पीकिलला मायनस एक्स लावतो, म्हणजे पूर्ण नाव जुळल्याशिवाय तो हात लावत नाही.

तुमचं काय काय उडालंय ते लिहा. उपाय सापडला नसेल तरी लिहा.

*

मी कॉलेजात लिनक्सचं प्रॅक्टिकल घेते. 'मॅडम, क्रॅश झालं' हे वाक्य दर बॅचला ऐकते आणि दहातल्या नऊ वेळा काहीही क्रॅश झालेलं नसतं. मुलं घरी विंडोजवर स्क्रिप्ट लिहितात, पेनड्राइव्हवर आणतात. चालवली की काळी खिडकी लुकलुकते आणि गायब. टर्मिनल आधी उघडून त्यातून चालवायला लावलं की संदेश दिसतो: 'बॅड इंटरप्रिटर'. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवतं, त्यामुळे पहिल्या ओळीतला बॅशचा (स्क्रिप्ट वाचून चालवणाऱ्या शेलचा) पत्ताच चुकतो. ते अक्षर काढणारं डॉस-टू-युनिक्स मारलं की काम झालं.

त्यात पेनड्राइव्ह 'फॅट' पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर सीएचमॉड (परवानगी बदलणारी आज्ञा) कितीही करा, फाइलला चालण्याची परवानगी चिकटतच नाही. आधी घरच्या फोल्डरमध्ये कॉपी करा, हे मी आता फळ्यावरच लिहून ठेवते. आणि 'एसएच' लिहून स्क्रिप्ट चालवणारे वेगळेच. उबुंटूत २००६ पासून एसएच म्हणजे बॅश नव्हे, डॅश हा दुसरा शेल. दुहेरी चौकटी कंसाची अट दिसली की तो 'नॉट फाउंड' म्हणून मोकळा.

*

माझा किस्सा मात्र खरोखरच घाम फोडणारा. पासवर्ड बरोबर, एंटर मारला, क्षणभर काळोख, पुन्हा लॉगिन. पासवर्ड चुकला म्हणावं तर तसा संदेशही नाही. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून साध्या काळ्या पडद्यावर गेलो, तर तिथेही आत घेतलं आणि लगेच हाकललं!

आदल्या रात्री एका स्क्रिप्टमधले पाथचे (आज्ञा कुठल्या फोल्डरांत शोधायच्या त्या यादीचे) चार तुकडे मी डॉट प्रोफाइलमध्ये, म्हणजे लॉगिनला वाचल्या जाणाऱ्या फाइलमध्ये, चिकटवले होते. शेवटची 'एक्झिट ०' ही ओळही सोबत आली. स्क्रिप्ट स्वतंत्र चालते तेव्हा एक्झिटने ती फक्त स्वतः संपते. प्रोफाइल मात्र लॉगिन शेल स्वतःच्या पोटात घेऊन वाचतं, म्हणजे एक्झिटने शेलच संपतं. साधा पडदासुद्धा तीच फाइल वाचतो, म्हणून तिथूनही सुटका नव्हती. शेवटी ग्रब या मशीन सुरू होतानाच्या मेनूमधून रिकव्हरी मोड, तिथे रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) होऊन फाइलचं नाव बदललं. रूटचं प्रोफाइल वेगळं असतं, त्याच्या कृपेने वाचलो.

*

थोडक्यात: उबुंटू १८.०४ वर कुठूनतरी उचललेल्या स्क्रिप्टने पायथन ३ची आवृत्ती बदलली. त्यानंतर टर्मिनलच उघडेना, नुसतं चक्र फिरायचं. तिथे टर्मिनल सुरू करणारा तुकडा पायथनमध्येच लिहिलेला होता आणि नव्या आवृत्तीला त्याला लागणारं ग्रंथालय (लायब्ररी) सापडत नव्हतं. एक्सटर्म हे दुसरं टर्मिनल उघडून जुनी आवृत्ती परत लावली. सिस्टिमच्या पायथनला हात लावू नये हे तेव्हा कळलं. नवऱ्याने आधी सांगितलं होतं, ते इथे लिहीत नाही.

*

काल चालणारी स्क्रिप्ट आज मशीन गोठवते, असं कोणाला झालंय का? मी घरात 'बिन' नावाचं फोल्डर करून त्यात 'डीएफ' नावाची स्क्रिप्ट ठेवली. डिस्क किती उरली ते मराठीत सांगायची, आतून उबुंटूचं खरं डीएफ (डिस्कची जागा दाखवणारी आज्ञा) बोलवायची. छान चालली. दुसऱ्या दिवशी लॉगिन करून चालवली आणि माउससुद्धा हलेना.

उबुंटू लॉगिनच्या वेळी ते फोल्डर असेल तरच पाथमध्ये घालतं, तेही सगळ्यांच्या पुढे. पहिल्या दिवशी ते पाथमध्ये नव्हतं. दुसऱ्या दिवशी डीएफने डीएफ बोलावलं, त्याने पुन्हा स्वतःलाच, आणि मेमरी संपेपर्यंत आरशात आरसा. एका मित्राने स्क्रिप्टमधल्या डीएफच्या आधी 'कमांड' हा शब्द लावायला सांगितलं. त्याचा उपयोग नाही, तोही पाथच बघतो. पूर्ण पत्ता लिहा, नाहीतर सरळ स्क्रिप्टचं नाव बदला. मी 'जागा' ठेवलं.

(धागाकर्ता: हे आवडलं. नाव मराठी ठेवायचा हाही एक फायदाच.)

*

मराठी नावांचा विषय निघालाच आहे, तर माझा क्रॅश नाही, पण चिडचिड तेवढीच. लग्नाचे फोटो नीट लावायची स्क्रिप्ट लिहिली. फोल्डरचं नाव 'ताईचं लग्न'. चलाला (व्हेरिएबलला) अवतरणचिन्हं घातली नव्हती, त्यामुळे स्क्रिप्ट आधी 'ताईचं' शोधायची, मग 'लग्न', आणि दोन्ही सापडायची नाहीत. अवतरणं घातली. मग फोटोंच्या नावातच पूर्ण वर्णन भरायला गेले, तर 'नाव फार लांब' म्हणून नकार. फाइलच्या नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन खातं, काना-मात्रासुद्धा वेगळे मोजून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. आमच्याकडच्या मावश्यांची नावंच तेवढी होतात.