कौलं उतरवताना बाग आणि भिंती कशा वाचवायच्या?

पडवीवाली

नमस्कार मंडळी. पुण्यात एरंडवण्याला आमचं बैठं घर आहे, मंगलोरी कौलांचं. कौलांखालच्या लाकडी पट्ट्या, म्हणजे रिपा, बऱ्याच ठिकाणी कुजल्यात, काही वासेही गेलेत. होळी झाली की सगळी कौलं उतरवायची, लाकूडकाम बदलायचं आणि धड असतील ती कौलं पुन्हा चढवायची, असं ठरलंय. कंत्राटदार मिळाला, दरही ठरला. घासाघीस संपल्यावर मी विचारलं, "आणि बागेचं काय?" तर म्हणाला, "ताडपत्री टाकू ना, ताई."

त्या "टाकू ना"वर माझा भरवसा नाही. शेजारच्या बंगल्यावर काम झालं तेव्हा ताडपत्री टाकली होती खरी, पण थेट झाडांवर, घट्ट बांधून, ऐन एप्रिलमध्ये. काढली तेव्हा खालची जास्वंद उकडून निघाली होती. कौलांचे तुकडे ताडपत्री फाडून आत गेले, ते वेगळंच.

आमच्याकडे काय काय आहे ते सांगते. पश्चिमेच्या भिंतीला लागून दोन अनंत आणि मोगऱ्याचा वाफा. भिंत आणि वाफा यांच्यात जेमतेम हातभर जागा. पुढे सोनचाफा, त्याची एक फांदी पन्हळीला टेकलेली. मधुमालती तर कौलांवरच राहायला गेली आहे. मागे कढीपत्ता आणि गाडीची शेड. शेडवर सिमेंटचे जुने पत्रे आहेत. ते "जाताजाता फोडून टाकतो, वेगळे पैसे नकोत" असं कंत्राटदाराचं औदार्य! घराचं जोतं काळ्या दगडाचं, वर चुन्याचा गिलावा आणि पांढरा रंग. खिडक्या सागाच्या. स्वयंपाकघरावर छोटा स्लॅब, त्यावर काचेच्या नळ्यांचा सोलर बंब.

बाग आईची. ती ऐंशीच्या पुढची आहे आणि काम चालू असताना पडवीत खुर्ची टाकून बसणार, हे कोणी थांबवू शकत नाही. तेव्हा तिच्या डोक्यावर काही पडू नये हेही धरा. नेमकं काय सांगू कंत्राटदाराला?

ओळंबा

ताई, आधी वजनाचा अंदाज घ्या. ब्रासला, म्हणजे शंभर चौरस फुटांना, साधारण दीडशे कौलं लागतात आणि एकेक कौल दोन-अडीच किलोचं असतं. हजार फुटांचं छप्पर धरलं तर तीन टनांच्या वर माल खाली येणार, कुठेतरी रचला जाणार आणि परत वर चढणार. एखादं कौल पडून होतं त्यापेक्षा या ये-जेने बागेचं जास्त नुकसान होतं. तुम्ही वाट आखून दिली नाहीत तर गडी सगळ्यात जवळची वाट धरतात. तुमच्याकडे ती मोगऱ्यातून जाते.

म्हणून कौलं कुठल्या बाजूने उतरणार हे तुम्ही ठरवायचं. पश्चिमेच्या पाख्यावरची, म्हणजे छपराच्या त्या उतारावरची, कौलं पश्चिमेला उतरवूच देऊ नका. वरच्या वर हातोहात फाटकाच्या बाजूला सरकवायची आणि तिथे एकच परांची बांधून खाली घ्यायची. कंत्राटदार कुरकुर करेल, कारण यात वेळ जातो. एक गडी वाढवायला सांगा आणि त्याची मजुरी द्या. जुन्या मोगऱ्याच्या वाफ्यापेक्षा ती स्वस्त पडेल. एक मात्र बघा, एक पाखं पूर्ण मोकळं आणि दुसरं पूर्ण भरलेलं असं ठेवू नका. वासे कुजलेत म्हणताय, तर दोन्हीकडून थोडं थोडं उतरवत जायला सांगा.

उतरवलेली कौलं उभी रचायची, खाली गोणपाट किंवा फळ्या. सोनचाफ्याच्या सावलीत रचायचा मोह सगळ्यांना होतो. तिथे नको. माती दाबून बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. फांद्यांचा घेर संपतो त्याच्या बाहेर, शक्यतो फरशीवर रचा.

परांचीचे बांबू वाफ्यात रोवू देऊ नका, फळीच्या तुकड्यावर उभे करायला सांगा. काथ्या झाडाच्या खोडाला बांधायचा नाही, पन्हळीला तर नाहीच. भिंतीला टेकणाऱ्या बांबूंच्या टोकांना गोणपाट गुंडाळायचं, नाहीतर चुन्याच्या गिलाव्याला खळगे पडतात.

आता ताडपत्री. ती धुळीसाठी असते, कौल अडवायला नाही. वरचं टोक पन्हळीच्या खाली बांधा आणि खालचं टोक वाफ्याच्या पलीकडे बांबूंना ताणून बांधा, म्हणजे उतार बाहेरच्या बाजूला येईल. माती, शेवाळ, आढ्याच्या जुन्या चुन्याचे तुकडे घरंगळून वाटेवर पडतील, भिंत आणि झाडं दोन्ही आत राहतील. वाफ्याच्या वर बांबूवर प्लायच्या जुन्या फळ्या आडव्या टाकल्या तर उत्तमच. बाजू मोकळ्या ठेवा आणि संध्याकाळी काम थांबलं की ताडपत्री गुंडाळून ठेवायला लावा. वळीव लवकर आला तर मात्र हीच ताडपत्री छपरावर लागेल, म्हणून एक मोठी जास्तीची घरात असू द्या.

लाल धूळ भिंतीवर बसली तर पाणी मारू नका. पाण्याने ती चुन्यात मुरते आणि डाग कायमचा राहतो. आधी कोरड्या मऊ ब्रशने झाडा. दगडी जोत्यावर सिमेंटचे ओघळ आले तर ओले असतानाच पुसून घ्या. वाळल्यावर कोणी ॲसिड घेऊन आलं तर परत पाठवा.

मातीतले हात

ओळंबाकाकांनी भिंतींचं चांगलं सांगितलंय, मी झाडांचं बोलते.

मधुमालती आत्ताच छाटा, गडी यायच्या आधी. त्यांच्या हातात दिलीत तर ते ओढून काढतील आणि सोबत पन्हळ खाली येईल. कमरेएवढी ठेवून बाकी कापली तरी चालते, ती मरणाऱ्यांतली नाही. सोनचाफ्याचं वेगळं. शहरातल्या झाडांना वृक्षसंरक्षणाचा १९७५ चा कायदा लागू आहे, त्यामुळे फांदी तोडायची झाली तर महापालिकेच्या उद्यान विभागाकडे आधी अर्ज करा. पण तुम्ही सांगता तेवढ्यासाठी तोडायची गरज वाटत नाही. सुतळीने हलकेच बाजूला ओढून बांधली तरी काम होईल, सुतळीखाली कापडाची घडी घाला.

माझी खरी काळजी अनंताची आहे. आढ्याची आणि कडेची कौलं सिमेंटमध्ये बसवतात. तो माल कुठे कालवणार हे विचारलंत का? वाफ्याजवळच्या मातीवर कालवला, किंवा घमेली धुतलेलं पाणी तिथे ओतलं, तर अनंत पहिला बोलतो. सिमेंटचं पाणी फार अल्कधर्मी असतं. अनंताला आम्लधर्मी माती लागते, नाहीतर मुळांना लोह घेता येत नाही. पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग लोक खतं घालत बसतात. माल पत्र्यावर कालवायचा आणि घमेली धुवायची जागा बागेपासून लांब ठरवून द्यायची. तरी सांडलाच तर वरून पाणी सोडून मुरवू नका, वरची माती खरवडून काढून टाका.

पानांवर धूळ बसणारच. रोज संध्याकाळी बारीक फवाऱ्याने पानं धुवा. भिंतीकडे पाणी उडणार नाही एवढं बघा. दुपारच्या उन्हासाठी हिरवी शेडनेट टाका, पण तीही झाडाला चिकटवू नका. कुंड्या असतील तर सरळ मागे हलवा.

आणि छप्पर उघडण्याआधी वळचणीला चिमण्यांचं घरटं आहे का बघून घ्या. अंडी किंवा पिल्लं असतील तर तेवढा कोपरा शेवटी घ्यायला सांगा.

पेठेतला

शेजाऱ्यांना आधी कळवा. आमच्याकडे असलं काम निघालं तेव्हा शेजारच्यांच्या गाडीच्या काचेवर ओरखडा आला. तो कौलाचा होता का आधीपासूनचा होता यावर अजून दोन्ही घरांत मतभेद आहेत. कामाआधी सगळ्या भिंतींचे, खिडक्यांचे आणि फरशीचे फोटो काढून ठेवा. आईंची खुर्ची मात्र तुम्ही हलवू शकणार नाही, ते विसरा. पडवीची कौलं ज्या दिवशी निघतील त्या दिवशी त्यांना मावशीकडे जेवायला पाठवा.

साइटवरचा

तुमच्या प्रश्नात सगळ्यात गंभीर गोष्ट शेडच्या पत्र्यांची आहे आणि तिच्याकडे अजून कोणी बघितलंच नाही. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस. अख्खा पत्रा जागेवर असतो तोवर फारसा त्रास नसतो, फोडला की तंतू हवेत उडतात. ते तुमच्या मातीत, पडवीत आणि गड्यांच्या छातीत जातात. जागतिक आरोग्य संघटना ॲस्बेस्टॉसचे सगळे प्रकार कर्करोगाला कारण मानते. त्यामुळे ते फुकटचं औदार्य नम्रपणे नाकारा.

पत्रे उतरवायचेच असतील तर आधी पाणी मारून ओले करायचे, गंजलेल्या हुकांचे नट कापायचे, आणि पत्रा अख्खाच खाली घ्यायचा. ग्राइंडर पत्र्याला लावायचा नाही. सगळ्यांना पी-१०० फिल्टरचे मास्क, ॲस्बेस्टॉसला एन-९५ पुरत नाही. खाली जाड प्लास्टिक अंथरायचं, पत्रे त्यातच गुंडाळायचे, आणि जागा झाडूने कोरडी न झाडता ओल्या फडक्याने पुसायची. बाकीच्या राडारोड्यात ते मिसळू नका. तुटके पत्रे वाफ्याला कडेने लावायची पद्धत पुण्यात घरोघरी दिसते, तीही नको. शेड गळत नसेल तर माझं मत, यंदा हातच लावू नका.

सोलर बंबाचंही सांगतो. नळ्यांवर जुनी गोधडी आणि तिच्यावर प्लाय ठेवा. पाणी काढून नळ्या उन्हात रिकाम्या राहिल्या तर प्रचंड तापतात. त्यात गार पाणी सोडलं की तडकतात. पुन्हा पाणी भरायचं ते पहाटे.

पन्हळीचं पाणी बोअरच्या शोषखड्ड्यात सोडलेलं असेल तर तो पाइप काम सुरू व्हायच्या आधी काढून ठेवा. अंगणातल्या चेंबरच्या जाळीवरही गोणपाट टाका, आत गेलेलं सिमेंट तिथेच घट्ट होतं.

पडवीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. पत्र्यांचं वाचून धडकीच भरली. शेड गळत नाही, तेव्हा तिला हात लावायचा नाही हे ठरलं. शोषखड्डा आहे, पाइप उद्याच काढून घेते. मधुमालती छाटायचं आईला सांगितलं. तिने आधी नाही म्हटलं, मग स्वतःच कात्री मागितली.

एक शंका आहे. हे सगळं कंत्राटदाराला तोंडी सांगून उपयोग नाही हे कळतंय. करारनामा वगैरे केला तर तो बिचकेल का?

ओळंबा

करारनाम्याची गरज नाही. व्हॉट्सॲपवर साध्या मराठीत लिहून पाठवा आणि त्याचं "ओके" घ्या. शेवटचा हप्ता साफसफाई झाल्यावर, हे त्यात असलंच पाहिजे. साफसफाई म्हणजे झाडू मारणं नव्हे. जुन्या रिपांचे गंजके खिळे मातीत राहतात आणि पुढे वर्षभर पायात घुसतात. जुन्या स्पीकरमधलं मोठं चुंबक दोरीला बांधून वाफ्यांतून फिरवायचं, मगच पैसे. राडारोडा कुठे टाकणार तेही विचारा. नदीकाठी किंवा टेकडीच्या पायथ्याशी ओतणाऱ्यांना दंड आहे, आणि माल तुमच्या घरचा असतो.

पडवीवाली

पाठवला मेसेज. जसाच्या तसा देते, कोणाला उपयोगी पडला तर बघा:

"नमस्कार दादा. कौलं फक्त फाटकाच्या बाजूने उतरवायची, पश्चिमेला नाही. जादा गड्याची मजुरी मी देईन. परांचीचे बांबू वाफ्यात रोवायचे नाहीत, टोकांना गोणपाट. ताडपत्री बांबूवर, झाडांवर नाही, रोज संध्याकाळी काढायची. माल पत्र्यावर कालवायचा, घमेली मागच्या मोरीजवळ धुवायची नाहीत, बाहेरच्या नळावर धुवायची. शेडच्या पत्र्यांना हात लावायचा नाही. राडारोडा कुठे जाणार ते आधी सांगायचं. खिळे चुंबकाने गोळा झाल्यावर शेवटचा हप्ता."

अर्ध्या तासाने उत्तर आलं: "ओके ताई. गोणपाट तुमचं का आमचं?"

ओळंबा

त्याचं. लिहून घ्या.