मदत हवी आहे: आई-बाबांचा युरोप प्रवास, मोबाइल डेटाचं काय करू?

नमस्कार मंडळी. आई-बाबा पुढच्या महिन्यात नाशिकहून म्युनिकला ताईकडे जाताहेत, दीड महिना. मधे चार दिवस स्वित्झर्लंड.

मागच्या वेळी दुबईला बाबांनी विमानातून उतरल्या उतरल्या फोन चालू केला, पॅक घेतलेलाच नव्हता. गंगापूर रोडच्या मित्रमंडळाचे पन्नासेक 'शुभ सकाळ' फोटो आपोआप उतरले आणि बिल बघून आईने तीन दिवस अबोला धरला! त्यामुळे या वेळी ही जबाबदारी माझ्यावर.

ताई म्हणते, जर्मन प्रीपेड सिम घेऊ. २०१७ पासून युरोपियन युनियनमध्ये एका देशाचं सिम दुसऱ्या देशात जादा पैसे न देता चालतं, हे ठीक. पण स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही, तिथे तो नियम लागू नाही. म्हणजे नेमकं आल्प्समध्येच व्हिडिओ कॉलचं मीटर पळणार. या चार दिवसांसाठी वेगळं ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवायचं सिम) घ्यावं का? आईच्या फोनवर स्टार हॅश ०६ हॅश दाबल्यावर ईआयडी (फोनमध्ये ई-सिमची सोय असल्याचा क्रमांक) दिसतो, बाबांच्या जुन्या फोनवर नाही. बाबांना आईच्या हॉटस्पॉटवर ठेवलं तर दिवसाला किती जीबी पुरतील?

दुसरं, बाबांचं पेन्शन खातं इथल्या नंबरला जोडलंय, ओटीपी यायलाच हवा. डेटा रोमिंग बंद ठेवून फक्त एसएमएस आले, असा कोणाचा ताजा अनुभव आहे का? कृपया स्वतः वापरलेलंच सांगा, दुकानदाराचं ऐकून झालंय.