फॉर्म ४ मध्ये आकडे जुळत नाहीत: तेल, स्लज, रिकामे ड्रम

चाकण_ईएचएस

नमस्कार. चाकणला ऑटो पार्ट्सचं छोटं युनिट आहे. मशिनिंग, झिंक प्लेटिंग, फॉस्फेटिंग आणि स्वतःचा लहान ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया केंद्र). आधीचे ईएचएस (पर्यावरण-आरोग्य-सुरक्षा अधिकारी) सोडून गेलेत आणि घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण, म्हणजे फॉर्म ४, ३० जूनच्या आत जायला हवं.

सीसीएमध्ये (प्रदूषण नियंत्रण मंडळाची एकत्रित संमती आणि अधिकृतता) चार नोंदी आहेत, नियमांच्या यादीतल्या क्रमांकांसह: ५.१ वापरलेलं तेल १.२ किलोलिटर, ३५.३ ईटीपी स्लज (गाळ) ६ टन, ३३.१ रिकामे ड्रम-कॅन २४० नग, ३३.२ तेलकट कॉटन ०.३ टन, सगळं वर्षाला. फॉर्म मात्र टनात मागतो. लिटर आणि नगाचं टनात काय करायचं?

दुसरं, तेलाचे ५ बॅरल वर्षात तयार झाले आणि ६ गेले, कारण एक मागच्या वर्षीचा पडून होता. फॉर्ममध्ये 'आरंभीची शिल्लक' असा रकानाच दिसत नाही. स्लजचं तर उलटंच आहे: रजिस्टरला ७.९ टन तयार, गेला ४.९ टन, आणि शेडमध्ये आता जेमतेम ०.७ टन. वर्षाच्या सुरुवातीला ०.४ टन होता. मधले २.७ टन गेले कुठे, हे मला कुणी विचारलं तर उत्तर नाही. शिवाय ७.९ हा आकडा ६ टनांच्या मर्यादेच्या वर जातोय.

---

जमाखर्च

आधी एकक. सगळा हिशेब किलोत ठेवा आणि फॉर्म भरताना शेवटी हजाराने भागा. वापरलेल्या तेलाची घनता साधारण ०.८८ ते ०.९० धरतात. २०० लिटर भरलेला बॅरल ०.८९ ने १७८ किलो. तुमचे ५ बॅरल म्हणजे ८९० किलो, फॉर्मवर ०.८९० टन. गेलेले ६ म्हणजे १.०६८ टन. शक्य असेल तिथे अंदाजापेक्षा काट्याची पावती लावा. बॅरलच्या तळाला पाणी आणि मशिनचा कूलंट असतो, त्यामुळे घनतेवरून काढलेलं वजन आणि काटा यांत फरक पडतोच.

ड्रमचं म्हणाल तर एकेका प्रकारातले पाच-दहा नग काट्यावर ठेवा, सरासरी काढा आणि तो कागद सहीसह फाइलला लावा. २०० लिटरचा लोखंडी ड्रम साधारण १५ ते २० किलो भरतो, त्याच मापाचा प्लास्टिकचा ८ ते १० किलो. 'सगळे मिळून २४० नग' असं लिहून चालत नाही, कारण ३५ लिटरचा कॅन आणि २०० लिटरचा ड्रम दोन्ही एकेकच नग होतात. पुढच्या नूतनीकरणात हा आकडा टनात मागून घ्या.

आता शिल्लक. जनरेटरने, म्हणजे कचरा तयार करणाऱ्या युनिटने, भरायच्या भाग 'अ' मध्ये चारच गोष्टी आहेत: प्रकारवार किती तयार झाला, किती पाठवला (विल्हेवाट केंद्राकडे, रिसायकलर वा कचरा भट्टीत वापरणाऱ्या को-प्रोसेसरकडे, इतर), आवारातच किती वापरला, आणि वर्षअखेर किती शिल्लक. आरंभीची शिल्लक नाही हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. म्हणून तेलाच्या ओळीत ०.८९० तयार आणि १.०६८ रवाना दिसेल, आणि वाचणाऱ्याला वाटेल हवेतून तेल काढलं. उपाय साधा आहे. विवरणासोबत एक पानी ताळेबंद जोडायचा: आरंभी ०.१७८, तयार ०.८९०, रवाना १.०६८, अखेर शून्य. आरंभीचा आकडा गेल्या वर्षीच्या फॉर्म ४ मधल्या अखेरच्या शिल्लकेशी तंतोतंत जुळला पाहिजे. तिथे शून्य लिहिलेलं असेल तर घोळ यंदाचा नाही, गेल्या वर्षीचा आहे. तसं पत्र देऊन मोकळे व्हा. यंदा आकडा फिरवून तो झाकायला जाऊ नका.

आणखी एक. ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र जातं, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण नियमांखालचा फॉर्म ५. त्यातही घातक कचरा आहे, पण तिथे किलोत आणि 'प्रक्रियेतून' व 'प्रदूषण नियंत्रण यंत्रणेतून' अशी विभागणी. तुमचा स्लज दुसऱ्या रकान्यात, तेल पहिल्यात. जूनचा कागद एकाने आणि सप्टेंबरचा कन्सल्टंटने भरला की हमखास दोन वेगळे आकडे जातात, आणि सीसीए नूतनीकरणाच्या वेळी दोन्ही समोरासमोर ठेवले जातात.

---

प्लेटिंगशॉप

तुमचे २.७ टन बहुधा पाणी आहे.

फिल्टर प्रेसमधून (गाळ दाबून पाणी काढणारं यंत्र) निघालेल्या केकमध्ये, म्हणजे दाबलेल्या गाळात, ७०-८० टक्के पाणी असतं. १००० किलो केक, ७५ टक्के ओलावा, म्हणजे घन भाग २५० किलो. तोच ड्रायिंग बेडवर सुकून ५० टक्क्यांवर आला की वजन ५०० किलो. अर्धं वजन उडालं आणि गेटबाहेर काहीच गेलं नाही. ऑपरेटर प्रेस उघडताना लिहितो आणि पाठवणारा सुक्या पिशवीचं वजन लिहितो, मग रजिस्टर कधीच जुळत नाही.

नोंद एकाच टप्प्यावर घ्या: सुकून पिशवीत भरताना. त्याच वेळी वजन, पिशवीवर लेबल, फॉर्म ३ च्या रजिस्टरला ओळ. प्रेसचं ओलं वजन हवं तर ईटीपीच्या लॉगबुकात ठेवा, पण ते घातक कचऱ्याच्या रजिस्टरमध्ये नको. या हिशेबाने तुमचा तयार झालेला आकडा ४.९ + ०.७ − ०.४ = ५.२ टन येतो, म्हणजे ६ च्या आत. मात्र हे नुसतं उलट्या गणिताने लिहू नका. जुन्या लॉगबुकातले प्रेसचे बॅच आणि एकदोन नमुन्यांचा ओलाव्याचा रिपोर्ट जोडला तर ते टिकतं. प्रत्यक्ष सुका आकडाच मर्यादेबाहेर जात असेल तर सीसीएत दुरुस्ती मागणं हाच मार्ग.

तुमच्या यादीत एक गोष्ट खटकली. फॉस्फेटिंग आहे, पण १२.५ नाही. फॉस्फेटच्या टाकीच्या तळाचा गाळ हा १२.५, तो ईटीपीच्या ३५.३ मध्ये मिसळून पाठवायचा नसतो. सगळीकडे तसंच चालतं हे खरं, पण विल्हेवाट केंद्राच्या विश्लेषणात कळतं. आणि प्लेटिंग सायनाइड बाथवर असेल तर बाथचा गाळ १२.३. तो ॲसिडच्या शेजारी ठेवणं म्हणजे हायड्रोजन सायनाइडला आमंत्रण. फॉर्म ८ च्या लेबलवर 'विसंगत पदार्थ' ही ओळ कोरी सोडू नका, तिथे 'ॲसिड' लिहा आणि शेडमध्ये दोघांच्या मध्ये भिंत ठेवा.

---

चाकण_ईएचएस

बाथ अल्कलाइन नॉन-सायनाइड आहे, पण १२.५ चा मुद्दा बरोबर. दुरुस्तीचा अर्ज करतो.

मॅनिफेस्टबद्दल, म्हणजे कचऱ्याच्या खेपेसोबत जाणाऱ्या कागदाबद्दल, विचारायचं राहिलं. जुन्या फाइलमध्ये प्रत्येक खेपेची फक्त पिवळी प्रत आहे. ती पुरते का? आणि वर्षात दोनच खेपा गेल्यात, मधे सहा-सहा महिन्यांचं अंतर.

---

तळोजा_लाइन

पिवळी प्रत फक्त एवढं सांगते की गाडी तुमच्या गेटमधून निघाली. पोचल्याचा पुरावा निळी प्रत.

मॅनिफेस्टच्या, म्हणजे फॉर्म १० च्या, सात प्रती अशा फिरतात: पांढरी तुम्ही मंडळाला पाठवायची, पिवळी वाहतूकदाराची सही घेऊन तुमच्याकडे, उरलेल्या पाच गाडीसोबत. माल उतरल्यावर गुलाबी घेणाऱ्याकडे, केशरी वाहतूकदाराला, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी घेणाऱ्याकडून तुम्हाला, आणि राखाडी फक्त परराज्यात माल गेला तर पाठवणाऱ्याच्या राज्यातल्या मंडळाला. मॅनिफेस्ट पोर्टलवर काढत असाल तरी तर्क हाच: घेणाऱ्याने 'मिळालं' म्हटल्याशिवाय खेप पूर्ण होत नाही. निळ्या प्रती नसतील तर घेणाऱ्याला मॅनिफेस्ट क्रमांक देऊन लेखी मागा. त्याच्याकडे गुलाबी असतेच. सोबत त्याच्या काट्याची पावतीही घ्या आणि फॉर्म ४ मध्ये रवानगीचं वजन तेच धरा, कारण तो त्याच्या विवरणात तेच लिहिणार आहे.

अंतराचा प्रश्न जास्त गंभीर. साठवणुकीची मुदत ९० दिवस. वर्षाला १० टनांपर्यंत कचरा होणाऱ्या लहान जनरेटरना मंडळ ती १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं, 'शकतं' हे महत्त्वाचं. आपोआप मिळत नाही, अर्ज करून लेखी घ्यावी लागते. तुमचा एकूण कचरा त्या मर्यादेत बसतोय, तर मागा. तोवर रांजणगावच्या विल्हेवाट केंद्राकडे तिमाही उचल लावून घ्या. गाडी अर्धी भरली तरी चालेल. भाडं जास्त पडतं म्हणून स्लज साठवत बसणं हीच या नियमातली सर्वांत सर्रास चूक आहे. इन्स्पेक्टर रजिस्टर नंतर बघतो, आधी लेबलवरची साठवणुकीची तारीख बघतो.

लेबल फ्लुरोसंट पिवळ्यावर, 'घातक कचरा' आणि 'काळजीपूर्वक हाताळा' लाल अक्षरांत, मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्हींत. पाण्याने न पुसणारं. मार्करने लिहून सेलोटेप लावलेला कागद दोन पावसांत जातो.

---

सातपूर_गॅरेज

मधेच विचारतो. तेल घेणारा दारात येऊन रोख पैसे देतो, तो म्हणतो आता ईपीआर (उत्पादकाची विस्तारित जबाबदारी) आलाय, मॅनिफेस्टची गरज नाही. खरं का? आणि जुन्या बॅटऱ्या, ट्यूबलाइट यात धरायच्या का?

---

जमाखर्च

नाही, दादा. वापरलेल्या तेलाचा ईपीआर १ एप्रिल २०२४ पासून आहे, पण ती जबाबदारी तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्यांवर. तुमचं तेल कुणाकडे आणि किती गेलं याचा कागद त्याने सुटत नाही. घेणाऱ्याची अधिकृतता अजून चालू आहे का, त्यात ५.१ आहे का, क्षमता किती, हे बघा आणि त्याच्या पासबुकात (घेतलेल्या मालाच्या नोंदवहीत) नोंद करूनच माल द्या. रोख देऊन पावती नाकारणारा माणूस बहुतेक वेळा ते भट्टीच्या इंधनासाठीच नेतो.

तुमच्या व्यवसायाला जल आणि वायू कायद्याखाली संमतीच लागत नसेल तर २०१९ च्या दुरुस्तीने घातक कचऱ्याची वेगळी अधिकृतताही लागत नाही, पण कचरा अधिकृत माणसालाच द्यायचा ही अट त्यातच आहे. गॅरेजला संमती लागते की नाही हे आधी तुमच्या उपप्रादेशिक कार्यालयात विचारा. वॉशिंग रॅम्प असेल तर उत्तर बदलू शकतं.

बॅटऱ्या २०२२ च्या बॅटरी नियमांत, पारा असलेल्या ट्यूबलाइट ई-कचऱ्यात. दोन्ही फॉर्म ४ मध्ये लिहायच्या नाहीत. नावाचा एक घोटाळा लक्षात ठेवा: जैववैद्यकीय कचऱ्याच्या वार्षिक अहवालालाही फॉर्म ४ म्हणतात आणि त्याचीही तारीख ३० जूनच. कंपनीत ओएचसी (कामगारांचं आरोग्य केंद्र) असेल तर दोन्ही फायली वेगळ्या ठेवा.

---

चाकण_ईएचएस

निळ्या प्रती ३० जूनच्या आत आल्या नाहीत तर विवरण थांबवू का?

---

तळोजा_लाइन

थांबवू नका. तुमच्या वजनाने भरा आणि जोडपत्रात त्या मॅनिफेस्टचे क्रमांक देऊन 'घेणाऱ्याची पोच अपेक्षित' लिहा. वेळेत गेलेलं पण एका खेपेची पोच बाकी असलेलं विवरण समजावता येतं, न गेलेलं नाही. १ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्याच्या उल्लंघनाला तुरुंगवासाऐवजी दंड आहे, १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत, आणि तो न्यायनिर्णय अधिकारी ठरवतो. खटला नाही म्हणून हलकं घेऊ नका, उलट आता कारवाई सोपी झाली आहे.

पोर्टल २८ जूनपासून रडतं. १५ च्या आत अपलोड करा आणि पोचपावतीची पीडीएफ त्याच दिवशी काढून ठेवा.

---

प्लेटिंगशॉप

रिकाम्या ड्रमबद्दल कुणीच बोललं नाही. भंगारवाल्याला विकलेले असतील तर ते 'इतर' मध्ये ढकलू नका. केमिकल पुरवठादार त्याच मालासाठी परत नेत असेल तर तसा उल्लेख सीसीएत करून घ्या आणि परतीच्या चलनावर नग आणि वजन दोन्ही लिहा. बाकीचे ड्रम निर्जंतुकीकरण नव्हे, निर्विषीकरणाची अधिकृतता असलेल्याकडेच, मॅनिफेस्टसह. धुऊन पाण्याचे पिंप म्हणून कामगारांना देणं तर आजच बंद करा.