मदत हवी आहे: जाहिरातीतला निवेदक कोण मानायचा?

नमस्कार मंडळी. नाशिकला एम.ए. मराठी करतेय. प्रकल्पाचा विषय असा: गोष्ट कोणाच्या नजरेतून सांगितली जाते आणि त्यामुळे समाजातलं काय दिसतं, काय झाकलं जातं. एक कथा, एक चित्रपट, एक जाहिरात घेतलीये.

कथा आपल्याच जिल्ह्यातल्या बाबूराव बागुलांची, ‘जेव्हा मी जात चोरली होती’. तिथे ‘मी’च बोलतो. त्याने जे लपवलंय ते वाचकाला ठाऊक, भोवतालच्यांना नाही; सगळा ताण तिथून येतो. चित्रपट ‘फँड्री’; त्याचं तर शेवटचं दृश्यच पुरेसं आहे. त्यातल्या जब्या या मुलाचा दगड थेट कॅमेऱ्यावर येतो आणि तोवर आरामात बघत बसलेला प्रेक्षक तमाशा बघणाऱ्या गावकऱ्यांत जमा होतो.

गाडी अडलीये जाहिरातीपाशी. कपडे धुण्याच्या पावडरीची, जेमतेम अर्ध्या मिनिटाची. बाई कॉलरवरचा डाग घासते, मुलगा हसतो, आणि पावडर का चांगली हे सांगतो एक न दिसणारा पुरुषी आवाज. निवेदक त्या आवाजाला मानायचं की नजर बाईची धरायची? फ्रेंच समीक्षक रोलाँ बार्थचा १९६४चा पान्झानी पास्त्याच्या जाहिरातीवरचा लेख वाचला, पण ती छापील जाहिरात. आवाज, संकलन यांचा तिथे प्रश्नच येत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘तुझं तू ठरव.’ झालं!

टीव्हीवरच्या जाहिरातींचं असं विश्लेषण मराठीत कोणी केलंय का? सार्वजनिक वाचनालयात मिळण्यासारखं काही असेल तर सोन्याहून पिवळं. छापील जाहिरात घे, सोपं पडेल, असं मैत्रीण म्हणते, पण तो आवाज काही सोडवत नाही.