स्केट शूज आणि साधे स्नीकर्स: फरक नुसता दिसण्यातला नाही

"स्केट शूज म्हणजे फॅशन, धावायच्या बुटांवरही स्केटबोर्डिंग होतं" हे मत मला अजिबात पटत नाही. धावायच्या बुटाची टाच पंजापेक्षा बरेचदा ८ ते १२ मिलिमीटर उंच असते, खाली मऊ फोम. बोर्डवर उभं राहिलं की तो फोम दबतो, पाय डुगडुगतो आणि बोर्ड कुठे कलतोय हे तळव्याला कळतच नाही. स्केट शूजचा तळ सपाट आणि चिकट पकडीच्या रबराचा असतो. त्यातही व्हल्कनाइज्ड सोल (उष्णता देऊन बुटाला जोडलेला) पातळ नि लवचिक, तर कपसोल (कपासारख्या आकाराचा, बुटाला शिवलेला) जाड. उंचावरून उड्या मारणाऱ्यांच्या टाचांना तोच सोसवतो.

खरी कसोटी वरच्या भागाची. ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट उडी, मारताना पुढच्या पायाची करंगळीकडची बाजू बोर्डवर चिकटवलेल्या ग्रिप टेपवरून खरवडत जाते, आणि ही टेप म्हणजे जवळपास सँडपेपरच! जाळीचं कापड तिथे बघता बघता फाटतं. म्हणून तिथे स्वेड (मखमली पोताचं चामडं), दुहेरी-तिहेरी शिलाई, काही बुटांत आतून रबराचा थरही. कॅनव्हास मी नवशिक्यांना सुचवणार नाही.

घोट्याभोवतीचं पॅडिंगही उगाच आलेलं नाही. व्हॅन्स या बूट कंपनीने १९७६ मध्ये टोनी अल्वा आणि स्टेसी पेराल्टा या स्केटबोर्डपटूंच्या मदतीने 'इरा' हा बूट काढला, त्यात ते होतं.

मापाचं म्हणाल तर बूट पायाला घट्ट बसायला हवा, बोटं न दुमडता. घालून टाच उचलून बघा. ती आत सरकत असेल तर अर्धा नंबर लहान घ्या.